फाटकाबाहेरची प्रक्रिया कोणाची?

खरेदीदार कंपनीने १,००० नगांची ऑर्डर दिली. पुरवठादार तो माल २४ नगांच्या खोक्यात भरतो. ४१ खोक्यांत ९८४ नग बसतात, ४२ खोक्यांत १,००८. खोका फोडायचा नाही हा त्याच्या गोदामाचा नियम, म्हणून १,००८ नग निघाले आणि बिलही १,००८ नगांचेच झाले. खरेदीदाराच्या संगणकात ऑर्डरपेक्षा जास्त माल स्वीकारण्याची सूट शून्य टक्के ठेवलेली. आवक नोंद, म्हणजे जीआरएन, अडली. स्टोअरने १,००० नगांचा जीआरएन केला आणि उरलेले ८ नग बाजूला ठेवून दिले. पुढे ऑर्डर, जीआरएन आणि बिल या तीन कागदांचा मेळ घालताना बिल जुळेना. फरक ८ नगांचा, पण थांबले ते सगळे बिल.

आता दोन्ही कंपन्यांचे प्रक्रियेचे नकाशे काढून तपासा. पुरवठादाराचा नकाशा बरोबर आहे, खरेदीदाराचाही बरोबर आहे. दोन्हीकडच्या माणसांनी आपापले नियम काटेकोर पाळले आहेत. अंतर्गत लेखापरीक्षणात दोघेही उत्तीर्ण होतील. बिघाड आहे तो दोन नकाशांच्या मधल्या पट्ट्यात, आणि तो पट्टा कोणाच्याच नकाशावर नाही. खोक्यात किती नग बसतात, ऑर्डर खोक्याच्या पटीत द्यायची की नाही, पटीत नसेल तर वर न्यायची की खाली आणायची, आणि हा फरक कोणी कोणाला माल निघण्याआधी कळवायचा, या चार प्रश्नांची उत्तरे ठरवणे कोणाच्याच कामाच्या यादीत नव्हते.

पुरवठा साखळीत पैसा, वेळ आणि विश्वास जास्तीत जास्त वाया जातो तो या मधल्या पट्ट्यात. म्हणून माझे म्हणणे स्पष्ट आहे. दोन कंपन्यांमधली प्रक्रिया ही स्वतंत्र प्रक्रिया मानली पाहिजे. तिचा नकाशा दोघांनी मिळून काढला पाहिजे, तिला दोन्हीकडे नावानिशी जबाबदार माणूस असला पाहिजे आणि तिचे नियम करारात गेले पाहिजेत. जिथे एक पक्ष मोठा आणि दुसरा लहान असतो तिथे हे आपोआप घडत नाही, त्यामुळे हा विषय कंपन्यांच्या खाजगी सोयीपुरता उरत नाही. कायद्याने आणि खुल्या मानकांनी त्यात हात घालावा लागतो.

नकाशा काढण्याची साधने नाहीत असे मुळीच नाही. बीपीएमएन ही चिन्हभाषा २०११ मध्ये दुसऱ्या आवृत्तीत आली आणि २०१३ मध्ये ती आंतरराष्ट्रीय मानक झाली. या भाषेत प्रत्येक संस्थेसाठी एक ‘पूल’ (हा इंग्रजी शब्द), म्हणजे तिची कामे आत दाखवणारी आयताकृती चौकट, असते. पूलच्या आत एका कामाकडून दुसऱ्या कामाकडे जाणारा क्रम सलग रेघेने दाखवतात. ही सलग रेघ पूलची हद्द ओलांडू शकत नाही. एका पूलकडून दुसऱ्याकडे फक्त तुटक रेघेचा निरोप जातो. आकृती काढताना हा नियम अनेकांना व्याकरणाचा जाच वाटतो, पण पुरवठा साखळीचे सगळे मर्म त्यातच आहे. आपल्या कंपनीत आपण पुढच्या विभागाला काम लावू शकतो. समोरच्या कंपनीला काम लावता येत नाही. तिला निरोप धाडून उत्तराची वाट पाहावी लागते.

एकदा हे मनावर घेतले की प्रत्येक तुटक रेघेमागे पाच शक्यता दिसू लागतात. निरोप गेलाच नाही; गेला पण पोहोचला नाही; पोहोचला पण समोरच्या संगणकाला वाचता आला नाही; वाचला पण मान्य झाला नाही किंवा बदलासह मान्य झाला; आणि शेवटची, सर्वांत घातक शक्यता म्हणजे काहीच उत्तर आले नाही. प्रत्यक्षातल्या बहुतेक आकृत्यांमध्ये या जागी एकच बाण असतो आणि पुरवठादाराचा पूल रिकाम्या आयतासारखा काढलेला असतो. बीपीएमएन त्याला परवानगी देते. पण हा रिकामा आयत म्हणजे ‘तिकडे काय होते ते आम्हाला ठाऊक नाही’ अशी लेखी कबुलीच असते. फक्त दोन पक्षांमधल्या देवाणघेवाणीचा क्रम दाखवणारी वेगळी आकृतीही दुसऱ्या आवृत्तीत आहे. आपल्याला जी हवी ती नेमकी हीच, आणि तिचा वापर सगळ्यांत कमी होतो.

उत्तर आले आणि ऑर्डर मान्य झाली या दोन गोष्टींची गल्लत तर रोजची आहे. इलेक्ट्रॉनिक देवाणघेवाणीच्या एक्स१२ या मानकात ऑर्डर ८५० क्रमांकाच्या संदेशाने जाते. समोरून ९९७ क्रमांकाचा संदेश परत येतो. त्याचा अर्थ इतकाच की मजकूर मिळाला आणि त्याची रचना बरोबर आहे. ऑर्डर स्वीकारली की नाही, किती स्वीकारली आणि कोणत्या तारखेला देणार, हे ८५५ क्रमांकाचा संदेश सांगतो. ९९७ आला की ऑर्डरची स्थिती ‘पक्की’ करणारी प्रणाली बसवली असेल तर नियोजन विभाग कधीच न स्वीकारलेल्या मालावर उत्पादनाचे वेळापत्रक बांधतो. लाइन थांबल्यावर पुरवठादाराला दोष दिला जातो. त्याने मात्र होकार दिलेलाच नसतो.

पुरवठा साखळीची मांडणी करणाऱ्या स्कोअर या नमुन्याचाही इथे विचार करावा लागेल. १९९६ मध्ये सप्लाय चेन कौन्सिलने तो तयार केला. नियोजन, खरेदी, निर्मिती, वितरण आणि परतावा अशा भागांत त्याने साखळीची मांडणी केली, आणि २०२२ मध्ये त्याची रचना नव्याने करण्यात आली. त्याने मोठे काम केले. एकाची खरेदी म्हणजे दुसऱ्याचे वितरण, ही साधी गोष्ट समान शब्दांत मांडायची सोय त्याने करून दिली. पण त्याची प्रमाणित व्याख्या तिसऱ्या पातळीपर्यंतच जाते. चौथी पातळी, म्हणजे प्रत्यक्ष काम कोण, कोणत्या पडद्यावर, कोणत्या नियमाने करतो, ती ज्याने त्याने भरायची असते. खोक्यातले २४ नग या चौथ्या पातळीवर राहतात. वरच्या तीन पातळ्यांवर सहमती झाली म्हणजे प्रक्रिया जुळली असे समजून कामाला लागणाऱ्यांची फसगत होते ती इथे.

मग काम सुरू कुठून करायचे? सगळ्या पुरवठादारांचे नकाशे काढायला बसणे हा सर्वांत वाईट मार्ग. एक पुरवठादार, एक मालगट आणि एकच वाहतूक मार्ग घ्यावा. मागच्या तीन महिन्यांतल्या अडलेल्या ऑर्डरी आणि अडलेली बिले बाहेर काढावीत, सुरळीत पार पडलेल्या ऑर्डरींकडे सध्या बघू नये. अडण्याच्या कारणांचे गट पाडले की बहुतेक वेळा चार-पाच कारणांतच बहुतांश अडथळे बसतात: खोक्यातील नगसंख्या, मोजण्याचे एकक, बदललेला दर, चुकीचा डिलिव्हरी पत्ता, ऑर्डरमध्ये मागाहून केलेला बदल. त्यानंतर एका टेबलाभोवती पुरवठादाराचा डिस्पॅच पाहणारा माणूस, खरेदीदाराचा आवक नोंदणारा माणूस आणि दोन्हीकडचे बिल तपासणारे असे चौघे तरी बसवावेत. व्यवस्थापकांनी नकाशा सांगायचा नाही, ऐकायचा. प्रक्रिया कशी चालावी हे व्यवस्थापकाला माहीत असते. ती कशी चालते हे गेटवरच्या माणसाला.

या बैठकीत पहिले काम शब्दांचे अर्थ लावण्याचे. ‘डिस्पॅचची तारीख’ म्हणजे काय? बिल फाडले तो दिवस, गाडी भरली तो दिवस, की गाडी गेटबाहेर पडली तो दिवस? ‘डिलिव्हरी’ म्हणजे गाडी खरेदीदाराच्या गेटवर लागली, माल उतरला, मोजला गेला, की गुणवत्ता तपासणीतून सुटला? यातल्या प्रत्येक दोन टप्प्यांत काही तासांपासून काही दिवसांपर्यंत अंतर असू शकते. गाडी संध्याकाळी गेटवर आली, उतरवायला जागा नव्हती, दुसऱ्या दिवशी दुपारी जीआरएन झाला. पुरवठादाराच्या नोंदीत माल वेळेवर आहे, खरेदीदाराच्या नोंदीत उशिरा. दोघेही आपापली कागदपत्रे दाखवून खरे बोलत असतात.

दुसरे काम ओळखीच्या खुणांचे. ऑर्डरचा क्रमांक पुरेसा नसतो. ऑर्डरमधल्या ओळीचा क्रमांकही प्रत्येक कागदावर पुढे गेला पाहिजे. माल ज्या पॅलेटवर, म्हणजे खोकी रचून उचलायच्या फळीवर, जातो त्याला स्वतःची ओळख हवी. बारकोडची मानके ठरवणाऱ्या जीएसवन या संस्थेचा १८ अंकी एसएससीसी क्रमांक त्यासाठीच आहे. आगाऊ पाठवणी सूचनेत, म्हणजे एएसएनमध्ये, हाच क्रमांक असेल तर गेटवर एक स्कॅन करून पॅलेटवर काय आहे ते कळते. नसेल तर खोकी उघडून मोजणे आले.

तिसरे काम वेळेचे, आणि इथेच सगळ्यांत जास्त गोष्टी निसटतात. उदाहरणार्थ एएसएनच घ्या. पुरवठादाराची प्रणाली दर चार तासांनी साठलेले संदेश एकत्र पाठवते आणि दोन्ही ठिकाणांमधला प्रवास दोन तासांचा आहे. संदेश नुकतेच गेलेले असताना गाडी निघाली, तर ती एएसएनच्या दोन तास आधी गेटवर उभी राहते. गेटवरचा माणूस हाताने नोंद करतो. दोन तासांनी एएसएन येते आणि त्याच मालाची दुसरी अपेक्षित आवक तयार होते. आता साठ्याच्या हिशेबात कधीच न येणारा माल ‘वाटेत’ दिसत राहतो, आणि नियोजनाची प्रणाली तो धरून पुढची ऑर्डर कमी करते. दोन्ही प्रणाली स्वतंत्रपणे निर्दोष आहेत. उपाय सोपा आहे: गाडी सोडण्याची परवानगी एएसएन गेल्याची खात्री झाल्यावरच द्यायची. पण हा उपाय पुरवठादाराच्या गेटवर करायचा आहे आणि त्रास खरेदीदाराच्या गेटवर होतो आहे. संयुक्त नकाशा नसेल तर या दोन गोष्टी एकमेकींना कधी भेटतच नाहीत.

रद्द करण्याच्या निरोपाचेही तसेच. खरेदीदाराने दुपारी ऑर्डर रद्द केली, त्याच वेळी तिकडे गाडी भरून निघत होती. दोन निरोप वाटेत एकमेकांना ओलांडून गेले. अशा वेळी कोणता निरोप वरचढ? भाडे कोणी सोसायचे? याचे उत्तर आधी ठरलेले नसेल तर ज्याचा हात वर तोच ठरवतो. म्हणून प्रत्येक निरोपासाठी मुदत, मुदत संपल्यावर काय समजायचे आणि कोणी कोणाला फोन करायचा, या तीन गोष्टी नकाशावरच लिहिल्या पाहिजेत. ऑर्डरला कामाच्या २४ तासांत उत्तर नाही, तर ती मान्य नाही असे धरायचे आणि खरेदी विभागाने विचारणा करायची. पाठवणीच्या किती दिवस आधीपासून बदल चालणार नाही, ती गोठवलेली मुदत आकड्यात लिहायची. ‘शक्य तितक्या लवकर’ हा शब्दप्रयोग संयुक्त नकाशात येता कामा नये.

वाईट बातमीचा मार्ग हाही प्रक्रियेचाच भाग आहे. १७ मार्च २००० रोजी अमेरिकेतील आल्बुकर्की इथल्या फिलिप्सच्या चिप कारखान्यात वीज पडून आग लागली. आग थोड्याच मिनिटांत विझली, पण धूर आणि पाण्यामुळे स्वच्छ कक्षांचे नुकसान झाले. मोबाइल फोन बनवणाऱ्या नोकिया आणि एरिक्सन या दोन्ही कंपन्या या कारखान्याच्या ग्राहक. उशीर साधारण आठवडाभराचा असेल असा पहिला अंदाज होता. नोकियाने ते सुटे भाग रोजच्या देखरेखीखाली घेतले, बातमी वरपर्यंत नेली आणि पर्यायी क्षमता मिळवली. एरिक्सनमध्ये ती बातमी खालच्या पातळीवरच रेंगाळली, आणि त्यातून सुमारे ४० कोटी डॉलरच्या विक्रीचे नुकसान झाले. बातमी दोघांनाही मिळाली होती. ती मिळाल्यावर कोणी किती तासांत काय करायचे, यात फरक होता.

मोजमापाबद्दल दोन कंपन्यांत जितके वाद होतात तितके दराबद्दलही होत नसावेत, आणि त्यातले बरेच केवळ छेद वेगळा धरल्याने होतात. १०० ऑर्डरी, प्रत्येकीत १० ओळी, म्हणजे एकूण १,००० ओळी. त्यांतल्या ३० ओळी उशिरा आल्या. पुरवठादार ओळी मोजतो आणि ९७ टक्के सांगतो. त्या ३० ओळी ३० वेगवेगळ्या ऑर्डरींत विखुरलेल्या असतील तर खरेदीदाराच्या दृष्टीने ३० ऑर्डरी अपुऱ्या आल्या, म्हणून त्याचा आकडा ७० टक्के. २७ टक्क्यांच्या या फरकात कोणीही खोटे बोललेले नाही. ‘निर्दोष ऑर्डर’ मोजताना आकडा आणखी खाली येतो: वेळेवर ९५, पूर्ण ९५, नुकसान न होता ९५ आणि कागदपत्रे अचूक ९५ टक्के असतील आणि या चार गोष्टी एकमेकींवर अवलंबून नसतील, तर चारही एकत्र साधलेल्या ऑर्डरी फक्त सुमारे ८१ टक्के उरतात. कोणता आकडा वापरायचा हे करारात नसताना त्यावर दंड लावणे अन्याय आहे.

वाट पाहण्याचा वेळ मोजायला तर फार थोडी माहिती लागते. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेले सूत्र सांगते की प्रणालीत असलेली सरासरी संख्या म्हणजे येण्याचा दर गुणिले आत राहण्याचा सरासरी काळ. दिवसाला ४० ऑर्डरी येत असतील आणि दोन कंपन्यांमध्ये मिळून ३२० ऑर्डरी उघड्या पडलेल्या असतील, तर एक ऑर्डर सरासरी ८ दिवस मध्ये राहते. प्रत्यक्ष काम २ दिवसांचे असेल तर ६ दिवस नुसती प्रतीक्षा आहे. तिथे जास्त वेगवान यंत्र किंवा जास्त माणसे लावून काही उपयोग नाही. कोणाची कोण वाट पाहतो आहे ते शोधावे लागते.

मागणीची लाट दुकानाकडून कारखान्याकडे वर सरकताना मोठी होत जाते, हे संशोधक जे फॉरेस्टर यांनी १९५८ मध्ये दाखवून दिले. पुढे १९९७ मध्ये ली, पद्मनाभन आणि व्हांग यांनी त्यामागची चार कारणे मांडली: प्रत्येक टप्प्यावर स्वतंत्र अंदाज बांधणे, ऑर्डरी साठवून एकदम देणे, सवलतींमुळे दर वरखाली होणे आणि टंचाईत गरजेपेक्षा जास्त मागणे. ही चारही कारणे म्हणजे प्रक्रियेतले नियम आहेत, हे मला महत्त्वाचे वाटते. हिशेब करून पाहा. प्रत्येक टप्पा चार आठवड्यांच्या मागणीइतका साठा ठेवतो. आठवड्याची विक्री १०० वरून ११० झाली. विक्रेत्याला हवा असलेला साठा ४०० वरून ४४० झाला, म्हणून त्याने ११० अधिक ४०, म्हणजे १५० नगांची ऑर्डर दिली. घाऊक व्यापाऱ्याला मागणी १०० वरून १५० झालेली दिसली. त्याचा साठा ४०० वरून ६०० हवा, म्हणून त्याची ऑर्डर ३५०. कारखान्याला ३५० दिसले आणि त्याच नियमाने त्याने कच्च्या मालाची १,३५० ची ऑर्डर दिली. विक्री वाढली होती १० टक्क्यांनी, कच्च्या मालाची ऑर्डर झाली साडेतेरा पट. पुढच्या आठवड्यात विक्री ११० वरच राहिली की विक्रेत्याची ऑर्डर ११० वर येते आणि वरचे सगळे भरलेल्या गोदामांसह बसून राहतात.

यावर ‘माहिती वाटून घ्या’ हा सल्ला सर्रास दिला जातो, पण तो अर्धाच आहे. विक्रीचे रोजचे आकडे कारखान्याच्या पडद्यावर दिसू लागले, तरी कारखान्याची नियोजन प्रणाली जर पूर्वीप्रमाणे आलेल्या ऑर्डरींवरच चालत असेल तर लाट तशीच उठते. आकडे वाटले, नियम बदलला नाही. टंचाईच्या वेळी माल वाटण्याचा नियमही तसाच आधी लिहून ठेवावा लागतो. ‘ज्याची ऑर्डर मोठी त्याला वाटा मोठा’ हा नियम असेल तर प्रत्येक ग्राहक फुगवून मागणार. मागच्या काळातल्या प्रत्यक्ष विक्रीच्या प्रमाणात वाटा द्यायचा ठरले तर फुगवण्यात फायदा उरत नाही. टंचाई आल्यावर हा नियम ठरवायला बसणारा पुरवठादार सगळ्यांचाच विश्वास गमावतो. नेटवर्कची उपकरणे बनवणाऱ्या सिस्को कंपनीला २००१ मध्ये सव्वादोन अब्ज डॉलरच्या आसपासचा साठा बुडीत धरावा लागला, त्यामागे मागणी कोसळणे हे मोठे कारण होते, पण टंचाईच्या काळात फुगलेल्या आणि दुहेरी ऑर्डरींचाही त्यात हात होता.

तंत्रज्ञान विकणाऱ्यांकडून सध्या दोन उत्तरे येतात: प्रोसेस मायनिंग आणि सामायिक प्लॅटफॉर्म. पहिले उपयुक्त आहे. संगणकातल्या नोंदींतून, म्हणजे प्रकरणाची ओळख, झालेले काम आणि त्याची वेळ या तीन रकान्यांतून, प्रक्रिया प्रत्यक्षात कशी चालली ते काढता येते. पण एका ऑर्डरचा माल तीन गाड्यांत जातो, एका गाडीत पाच ऑर्डरींचा माल असतो आणि एक बिल दोन गाड्यांचे असते. सगळे ऑर्डरच्या चष्म्यातून पाहिले तर ती एक गाडी पाच वेळा पोहोचल्यासारखी मोजली जाते. ऑर्डर, गाडी, बिल या वस्तूंना वेगवेगळे धरून नोंद करणारी नवी पद्धत आली आहे, आणि कंपन्यांच्या सीमेपलीकडे तीच वापरावी. तरीही ओळखीच्या खुणा दोन्हीकडे सारख्या नसतील तर कोणतेही मायनिंग दोन नोंदी जोडू शकत नाही.

दुसऱ्या उत्तराबद्दल मी साशंक आहे. मर्स्क ही जहाज कंपनी आणि आयबीएम ही संगणक कंपनी यांनी २०१८ मध्ये पुढे आणलेला ट्रेडलेन्स हा जहाजवाहतुकीचा सामायिक मंच तंत्राच्या दृष्टीने काम करत होता. नोव्हेंबर २०२२ मध्ये तो बंद करण्याची घोषणा झाली, कारण उद्योगाचे जागतिक पातळीवर जितके सहकार्य अपेक्षित होते तितके मिळाले नाही. स्पर्धकाच्या मालकीच्या घरात आपले सामान ठेवायला माणसे कचरतात, यात नवल नाही. प्रत्येकाने आपली नोंद आपल्याकडे ठेवायची आणि देवाणघेवाण मात्र खुल्या, कोणाच्याही मालकीच्या नसलेल्या भाषेत करायची, हा मार्ग हळू आहे पण टिकणारा आहे. जीएसवनचे ईपीसीआयएस मानक हेच करते: कोणती वस्तू, केव्हा, कुठे, कोणत्या कारणाने हलली, याची नोंद एका ठरलेल्या साच्यात. २०२२ च्या दुसऱ्या आवृत्तीत तापमानासारख्या संवेदकांच्या नोंदींचीही सोय झाली.

आता सत्तेचा प्रश्न. मोठा खरेदीदार आपले पोर्टल उघडतो आणि पुरवठादाराने त्यात माहिती भरावी अशी अट घालतो. त्याच्या दृष्टीने प्रक्रिया स्वयंचलित झाली. पण १२ ग्राहक असलेल्या पुरवठादाराला तीच माहिती १२ पोर्टलांत हाताने भरावी लागते. त्याच्यासाठी ती माणसावर ढकललेली डेटा एन्ट्री असते. खर्च वाचलेला नाही, कुंपणापलीकडे गेला आहे. साठ्याचे व्यवस्थापन पुरवठादाराकडे देण्याच्या योजनेतही हे घडते. विक्रीचे आकडे आणि किमान-कमाल मर्यादा प्रामाणिकपणे दिल्या तर दोघांचाही साठा कमी होतो. आकडे न देता फक्त मालकी पुरवठादाराच्या नावावर ठेवली तर साठा तितकाच राहतो, फक्त त्याचे व्याज दुसरा भरतो.

सगळ्यांत बोचणारी गोष्ट पैसे देण्याच्या घड्याळाची. मुदत ४५ दिवस लिहिलेली असते, पण ते जीआरएनच्या तारखेपासून मोजले जातात. जीआरएन कधी करायचा हे खरेदीदाराच्या हातात. गाडी गेटवर चार दिवस उभी राहिली, तपासणी आठ दिवस रखडली, तर ४५ चे ५७ होतात आणि नकाशावर कुठेही उशीर दिसत नाही. युरोपीय संघाच्या २०११ च्या उशिरा देण्याविषयीच्या निर्देशाने इथे नेमके बोट ठेवले: माल स्वीकारण्याची किंवा तपासण्याची प्रक्रिया सर्वसाधारणपणे ३० दिवसांहून लांबवायची नाही, आणि वेगळी मुदत ठरवायची तर ती करारात स्पष्ट लिहिलेली आणि पुरवठादारावर घोर अन्याय न करणारी हवी. स्वीकाराच्या टप्प्याला कायद्याने मुदत घालणे हे मला फार मोलाचे वाटते, कारण पैशाच्या मुदतीची चोरी त्याच टप्प्यात होते. माझ्या मते याहून पुढे जायला हवे. घड्याळ गेटवर गाडी लागल्याच्या नोंदीपासून सुरू व्हावे आणि ती नोंद दोघांनाही दिसावी.

औषधांच्या बाबतीत अमेरिकेने २०१३ मध्ये कायदा करून प्रत्येक पाकिटाचा माग वेगवेगळ्या कंपन्यांच्या प्रणालींना एकमेकींशी बोलता येईल अशा रीतीने ठेवणे बंधनकारक केले. त्यासाठी दहा वर्षांची मुदत दिली, आणि ती संपत आली तेव्हा आणखी सवलतीचा काळ द्यावा लागला. तिथल्या अन्न आणि औषध प्रशासनाने ईपीसीआयएस या खुल्या मानकाची शिफारस केली. यातून दोन गोष्टी दिसतात. निरोपाचा मजकूर आणि भाषा ठरवून देणे कायद्याला शक्य आहे आणि तेवढेच त्याने करावे. कोणते सॉफ्टवेअर घ्यायचे ते ठरवू नये. आणि या कामाला वर्षे लागतात, कारण प्रत्येक दुकानापर्यंत, प्रत्येक लहान वितरकापर्यंत स्कॅनर, क्रमांक आणि शिकलेला माणूस पोहोचावा लागतो. तो खर्च साखळीतल्या सर्वांत लहान माणसावर टाकून मोठ्यांनी मागोव्याचे अहवाल प्रसिद्ध करावेत, हे मला मान्य नाही. ज्याच्या मागणीवरून माहिती गोळा होते त्याने ती गोळा करण्याचे साधन द्यावे.

यावर दोन आक्षेप नेहमी येतात. पहिला, प्रक्रिया उघड केली तर गुपिते फुटतील. संयुक्त नकाशात खर्चाची रचना, यंत्रांची क्षमता किंवा दुसऱ्या ग्राहकांची नावे लागतच नाहीत. लागतात फक्त निरोप, मुदती, ओळखीचे क्रमांक आणि अपवादांचे नियम. हद्दीच्या आतले काम झाकलेलेच राहते. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: हजारो पुरवठादारांसोबत असे बसणे शक्य नाही. खरे आहे, आणि तशी गरजही नाही. ज्यांच्या मालावाचून लाइन थांबते अशा मोजक्यांबरोबर स्वतंत्र नकाशा, बाकीच्यांसाठी तीन-चार ठरलेले साचे: साठ्यातून देणारा, ऑर्डरवर बनवणारा, आयात करून देणारा, सेवा देणारा. साचा मात्र पुरवठादारांच्या प्रतिनिधींना बसवूनच बनवायचा. तपशीलही हवा तेवढाच ठेवायचा. एका हद्दीचा नकाशा एका मोठ्या कागदावर मावत नसेल तर तो कोणी वाचणार नाही आणि सहा महिन्यांत खोटा ठरेल.

नकाशा खोटा ठरण्याचे नेहमीचे कारण म्हणजे कोणीतरी न सांगता केलेला बदल. पुरवठादाराने खोके २४ ऐवजी २० नगांचे केले, खरेदीदाराने गोदाम हलवले, कोणी प्रणाली बदलली आणि संदेश आता रात्रीऐवजी पहाटे जाऊ लागले. म्हणून करारासोबत जोडपत्र असावे आणि त्यात हद्दीचा नकाशा, शब्दांच्या व्याख्या, मोजमापाचे छेद, टंचाईतला वाटपाचा नियम आणि बदलाची पूर्वसूचना किती दिवसांची हे लिहिलेले असावे. खोक्यासारख्या बदलाला ३० दिवस, प्रणाली बदलायला ९० दिवस आणि त्याआधी दोन्हीकडे चाचणीचे संदेश, हा हिशेब बहुतेक ठिकाणी चालेल. जोडपत्रावर खरेदी विभागाच्या सहीबरोबर आवक विभागाची आणि बिल चुकते करणाऱ्या विभागाचीही सही हवी, आणि तिमाहीत एकदा अडलेल्या ऑर्डरींची यादी घेऊन हेच लोक पुन्हा बसले पाहिजेत. त्या यादीत ज्या कारणाला अजून जबाबदार माणसाचे नाव नाही, तिथून बैठक सुरू करायची.